पाटातलं पाणी मोजायचं कसं? व्ही-नॉच आणि पार्शल फ्ल्यूम पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दोन आकडे सतत फिरत असतात. एक फुटांचा: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. दुसरा क्युसेकचा: राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग सुरू. पहिला आकडा पाण्याची उंची सांगतो. दुसरा सांगतो दर सेकंदाला किती पाणी वाहून चाललंय. नदीबद्दल इतकं नेमकं बोलणाऱ्या गावात, आपल्या पाणीपुरवठा संस्थेच्या पाटात किती पाणी येतं असं विचारलं, की उत्तर मिळतं, "सहा इंची येतंय की!" सहा इंची आहे तो पाइप. पाणी किती, ते त्यातून कळत नाही.

पंपाच्या अश्वशक्तीवरूनही कळत नाही. १० एचपीचा पंप साठ टक्के कार्यक्षमतेनं चालला, तर ३० मीटर चढावर तो सेकंदाला साधारण १५ लिटर पाणी टाकेल आणि ४५ मीटर चढावर जेमतेम १०. नदीची पातळी उतरली, व्होल्टेज पडलं, फुटव्हॉल्व्हला कचरा अडकला, की तेवढंही नाही. ऊस मात्र तेवढाच आणि पाणीपट्टीही तेवढीच.

म्हणून उघड्या पाटात पाणी मोजण्याची सोय प्रत्येक उपसा संस्थेनं आणि चारीवरच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या छोट्या पाटावरच्या, प्रत्येक पाणी वापर संस्थेनं करावी, असं मला मनापासून वाटतं. खर्च फार नाही. काळजी मात्र घ्यावी लागते, आणि ती नेमकी कुठे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मुळात काय घडतं

नुसत्या पाटात उंची मोजून विसर्ग कळत नाही. गवत वाढलं, गाळ साचला, खाली कुणी बांध घातला, की तेवढ्याच उंचीला वेगळंच पाणी वाहतं. नॉच (उभ्या पत्र्यात कापलेली ठरावीक आकाराची खाच) किंवा फ्ल्यूम (मध्येच अरुंद होणारा ठरावीक मापाचा पाट) बसवला, की पाण्याला एका ठरावीक आकाराच्या तोंडातून जावं लागतं आणि पलीकडे मोकळं पडावं लागतं. पलीकडे काय चाललंय याचा परिणाम मग अलीकडच्या पातळीवर होत नाही. उंची आणि विसर्ग यांची जोडी पक्की बसते. तुम्ही फक्त उंचीची मोजपट्टी वाचायची आणि तक्त्यात बघायचं.

ही जोडी तीन गोष्टींवर टिकते: अलीकडचं पाणी संथ हवं, पलीकडचं पाणी मोकळं पडायला हवं, आणि पट्टीचा शून्य खरा हवा. पुढे जे काही सांगितलंय ते या तिन्हींसाठीच आहे.

एककं दोनच लक्षात ठेवा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. आणि सेकंदाला १ लिटर म्हणजे तासाला ३६०० लिटर. शेताच्या पातळीवर लिटर प्रति सेकंद हेच सोयीचं, कारण आपल्या पाटात एक क्युसेक पाणीसुद्धा भरपूर झालं.

आधी अंदाज घ्या

काय बसवायचं हे पाणी किती आहे यावर ठरतं, म्हणून आधी ढोबळ माप काढा. पाटाचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, वर लाकडाचा ढलपा किंवा अर्धी भरलेली बाटली सोडा आणि वेळ बघा. समजा पाट ५० सेंमी रुंद, पाणी २० सेंमी खोल आणि बाटलीला ४० सेकंद लागले. क्षेत्र ०.१ चौरस मीटर, वेग सेकंदाला ०.२५ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८५ नं गुणा. उत्तर आलं सेकंदाला २१ लिटर. ही पद्धत अंदाजापुरतीच. वीस-पंचवीस टक्क्यांची चूक सहज होते.

पंपाचं पाणी पडतं तो डिलिव्हरी हौद असेल तर त्याहून चांगलं. बाहेरचं तोंड बंद करा आणि हौदातलं पाणी ३० सेंमी चढायला किती वेळ लागतो ते बघा. ३ मीटर बाय २ मीटरच्या हौदात ३० सेंमी म्हणजे १८०० लिटर. नव्वद सेकंद लागले तर विसर्ग बरोबर २० लिटर. हे माप वहीत जपून ठेवा, नॉच बसल्यावर ताळा घ्यायला लागेल.

कुठे काय बसवायचं

उपसा योजनेचं पाणी हौदात पडून पुढे पाटाला लागतं तिथे नव्वद अंशांचा व्ही-नॉच बसवा. सेकंदाला दीड लिटरपासून चाळीस लिटरपर्यंतचं पाणी तो उत्तम मोजतो. तोंड खाली निमुळतं असल्यामुळे थोडं पाणी असलं तरी उंची बऱ्यापैकी मिळते. कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांच्या शेवटच्या टाकीतही हाच नॉच असतो.

पाणी त्याहून जास्त असेल तर आयताकृती नॉच, किंवा बाजू एकास चार उतरत्या असलेला सिपोलेटी. आयताकृती नॉचमध्ये दोन्ही कडांना पाणी आत ओढलं जातं, त्याची वजाबाकी करावी लागते. सिपोलेटीच्या तिरप्या बाजू ती वजाबाकी स्वतःच भरून काढतात, म्हणून सूत्र सोपं राहतं. नवख्यांनी आयताकृतीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

नॉचला दोन गोष्टी चालत नाहीत: गाळ आणि सपाटी. पत्र्यामागे पाणी तुंबतं म्हणजे गाळ तिथेच बसणार, आणि पाणी पलीकडे मोकळं पडायचं तर पाटाला तेवढी पातळी सोडावी लागणार. दूधगंगेच्या कालव्यावरून येणाऱ्या चारीला उतार बेताचा आणि पाणी गढूळ असेल, तर तिथे पार्शल फ्ल्यूम घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत राल्फ पार्शल यांनी १९२० च्या दशकात तो शेतीच्या पाटांसाठीच बनवला. तोंड अरुंद होत गळ्यापर्यंत येतं, गळ्यात तळ खाली उतरतो, आणि पुढे तो पुन्हा रुंदावत चढतो. गाळ त्यातून वाहून जातो. पातळीही नॉचच्या मानानं साधारण पाव भागच खर्ची पडते.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे मोजमापाचं साधन नव्हे, हेही सांगून ठेवतो, कारण बरेच जण तसं समजतात. बरग्यांच्या, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्यांच्या, फटींतून पाणी झिरपतं, एखादा बरगा कमी-जास्त असतो, खालचं पाणी वर चढतं. तो पाणी अडवायला उत्तम. त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र लागत नाही.

नॉचचा पत्रा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपला कागदावर आकृती काढून दिली, की पत्रा कापून मिळतो. ५ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा घ्या. साध्या लोखंडाची धार एका पावसाळ्यात गंजते आणि मग तक्ता लागू पडत नाही. नॉचची खोली ३० सेंमी ठेवली तर वरची रुंदी बरोबर ६० सेंमी येते. नव्वद अंशांच्या कोनाची खूण हीच: खोलीच्या दुप्पट रुंदी. पत्रा हातात आला की टेप लावून हे आधी तपासा.

धारेबद्दल वर्कशॉपवाल्याला नीट समजावून सांगा. पाणी येतं त्या अंगाला कडा काटकोनात, खणखणीत हवी. तिथे कानस मारून गोलाई द्यायची नाही. हात कापेल म्हणून कारागीर प्रेमानं कडा मोडून देतो आणि तिथेच माप बिघडतं. धारेची जाडी एक-दोन मिलिमीटर ठेवून उरलेला पत्रा पाणी पडतं त्या अंगाला तिरपा घासायचा, साठ अंशांनी. म्हणजे पाणी धारेवरून सुटून लांब पडतं, पत्र्याला चिकटून खाली ओघळत नाही.

बसवणं

सेकंदाला २५ लिटरपर्यंत पाणी असेल, तर नॉचवर उंची फार तर २० सेंमी होईल. त्या हिशेबानं पत्र्यामागचा हौद किमान सव्वा मीटर रुंद हवा आणि व्हीचं टोक तळापासून ४५ सेंमी वर. यापेक्षा अरुंद पाटात तोच पत्रा ठोकला, तर पाणी आधीच वेगानं येतं आणि पट्टी कमी दाखवते. मला हे सगळ्यात जास्त वेळा दिसलंय: पाटाच्याच रुंदीचा पत्रा, मागे हौद नाही, आणि वर सूत्राप्रमाणे तक्ता रंगवलेला.

पाइपचं पाणी हौदात उसळत पडतं. ते शांत करायला मध्ये विटांची जाळीदार भिंत घाला, गवंडी ती अर्ध्या दिवसात बांधून देतो. जाळीच्या अलीकडे खळखळ आणि पलीकडे आरसा, असं दिसलं की जमलं.

पत्रा ओळंब्यात उभा आणि वरची कड पाणसळीत आडवी हवी. कोन दोन्ही बाजूंना सारखाच उघडला पाहिजे. काँक्रीटच्या खाचेत रबरी पट्टी घालून बोल्टनं आवळा. पत्र्याच्या कडेनं एक धार जरी गळत असेल, तर ते पाणी मोजलं जात नाही.

पलीकडे पाण्याची पातळी व्हीच्या टोकापेक्षा किमान पाच सेंमी खाली राहिली पाहिजे, पाट तुडुंब असतानासुद्धा. पडणाऱ्या पाण्याच्या पडद्याखाली हवा खेळती हवी. खाली वाकून बघा, पडदा आणि पत्रा यांच्यात अंधारी पोकळी दिसली पाहिजे.

शून्य लावणं

हे काम घाईनं करू नका. बाकी सगळं बरोबर असून शून्य अर्धा सेंमी चुकला, तर १५ सेंमी उंचीला साडेआठ टक्के चूक होते आणि ८ सेंमीला सोळा टक्के. रोज, प्रत्येक पाळीला, एकाच बाजूला.

पट्टी पत्र्यावर लावायची नाही. धारेजवळ पाणी खाली वाकतं, तिथली उंची खोटी असते. सगळ्यात मोठ्या उंचीच्या चौपट अंतर मागे, म्हणजे आपल्या उदाहरणात ८० सेंमी मागे, हौदाच्या भिंतीवर पट्टी लावा. पाणी हलत असेल तर भिंतीलगत सहा इंची पीव्हीसी पाइप उभा करून त्याला तळाशी बोटाएवढं भोक पाडा. आतलं पाणी संथ राहतं आणि वाचन सोपं होतं.

शून्य काढायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी वापरा. नळीत पाणी भरा, हवेचे बुडबुडे काढून टाका. दोन माणसं लागतात. एकानं नळीचं टोक व्हीच्या टोकाशी धरायचं आणि नळीतलं पाणी बरोबर टोकाच्या रेषेत आणायचं. दुसऱ्यानं पट्टीच्या जागी नळीतलं पाणी जिथे थांबेल तिथे पेन्सिलची रेघ मारायची. मग माणसं बदला आणि पुन्हा करा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर तो शून्य. नाही आल्या तर पुन्हा.

काही जण हौद भरतात, पाणी नॉचमधून ठिबकायचं थांबलं की तिथे शून्य मारतात. तसं करू नका. पाणी धारेला धरून राहतं, टोकापेक्षा थोडं वर असतानाच ठिबकणं थांबतं, म्हणून हा शून्य नेहमी वरच लागतो. पट्टी मग प्रत्येक वेळी कमी उंची दाखवते.

वाचन आणि हिशेब

नव्वद अंशांच्या व्ही-नॉचचं सूत्र असं: उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला उंचीच्या वर्गमुळानं गुणा आणि आलेल्या आकड्याला ०.०१३८ नं गुणा. उत्तर लिटर प्रति सेकंद. कॅल्क्युलेटरची कटकट नको म्हणून हे आकडे पंपहाऊसच्या भिंतीवर रंगवून घ्या:

६ सेंमी: १.२ लिटर
८ सेंमी: २.५
१० सेंमी: ४.४
१२ सेंमी: ६.९
१४ सेंमी: १०.१
१६ सेंमी: १४.१
१८ सेंमी: १९.०
२० सेंमी: २४.७
२२ सेंमी: ३१.३
२५ सेंमी: ४३.१

६ सेंमीच्या खालचं वाचन धरू नका. तेवढं पातळ पाणी धारेला चिकटून वाहतं. आकडे कसे वाढतात तेही बघा: उंची १० ची २० झाली, तर पाणी दुप्पट नाही, साडेपाच पटींहून जास्त झालं. म्हणून सकाळच्या आणि संध्याकाळच्या उंचीची सरासरी काढून तिचा विसर्ग बघायचा नाही. दोन्ही वेळचा विसर्ग काढायचा आणि मग त्यांची सरासरी घ्यायची.

आता शेताचा हिशेब. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. उसाला साडेसात सेंमी खोलीचं पाणी पाजायचं तर ३ लाख ३ हजार लिटर लागतात. नॉचवर १६ सेंमी असेल तर तासाला सुमारे ५१ हजार लिटर येतात, म्हणजे एकराला सहा तास. नॉचवर १४ सेंमी झालं, की तेच एकर भिजायला सव्वाआठ तास लागतात. पट्टीवर फक्त दोन सेंमींचा फरक, पण रात्री दारं धरणाऱ्या माणसाला सव्वादोन तास जास्त उभं राहावं लागतं. तासांवर पाणीपट्टी असेल तर त्याच्यावर अन्याय होतो, तो असा. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीनं, म्हणजे पाण्याचं आकारमान मोजून, पाणी देण्याची तरतूद केली ती याचसाठी. उपसा संस्थांनीही पाळीच्या तासांबरोबर नॉचची उंची लिहायला सुरुवात करावी. पाळी सुरू होताना, मध्ये आणि संपताना, अशी तीन वाचनं पुरतात. पाटकरी आणि शेतकरी दोघांनी मिळून वाचावं.

पार्शल फ्ल्यूम बसवायचा असेल तर

चारीसाठी सहा इंची, म्हणजे १५.२ सेंमी गळ्याचा फ्ल्यूम बहुतेक ठिकाणी पुरतो. फायबरचा तयार मिळतो. जागेवर काँक्रीटचा ओतणार असाल तर मापं मिलिमीटरनं पाळा, "साधारण असाच" फ्ल्यूम बनवला तर त्याला कुठलाच तक्ता लागू होत नाही. फायबरचा बसवताना दोन्ही बाजूंनी माती दाबली तर गळा आत येतो. भराव टाकताना आत लाकडी ठोकळे आडवे ठेवा, ते शेवटी काढा.

आतल्या, अरुंद होत जाणाऱ्या भागाचा तळ दोन्ही दिशांनी पाणसळीत हवा. पट्टी गळ्यात लावायची नाही. गळ्यापासून मागे, तिरप्या भिंतीच्या दोन तृतीयांश अंतरावर लावायची. सहा इंची फ्ल्यूमला हे अंतर भिंतीलगत ४१.४ सेंमी. शून्य त्या भागाच्या तळाशी. १५ सेंमी उंचीला सेकंदाला १९ लिटर, २० सेंमीला ३०, आणि २५ सेंमीला साडेबेचाळीस लिटर.

फ्ल्यूमचा खरा शत्रू म्हणजे फुगवटा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याची चर्चा आपण दरवर्षी ऐकतो. तुमच्या चारीत छोट्या प्रमाणावर तेच होतं: खाली गवत माजलं किंवा कुणी दार अडवलं, की पाणी मागे चढत गळ्यापर्यंत येतं. पट्टी मग जास्त उंची दाखवते आणि पाणी प्रत्यक्षात कमी असतं. सहा इंची फ्ल्यूममध्ये खालच्या बाजूची उंची, वरच्या शून्यापासूनच मोजलेली, वरच्या उंचीच्या साठ टक्क्यांपेक्षा कमी असेल तोवर तक्ता खरा. वर २० सेंमी असेल तर खाली १२ च्या आत हवं. नजरेनं ओळखायचं तर गळ्यातून पाणी घसरत उतरतं आणि पुढे उसळी मारतं, ती उसळी जागेवर दिसली पाहिजे. ती बुडून पृष्ठभाग सपाट झाला असेल तर वाचन घेऊ नका, आधी खालचा पाट साफ करा. म्हणून नवीन फ्ल्यूमचा तळ चारीच्या तळापेक्षा थोडा उचलूनच बसवावा. सरळ चारीत बसवा, वळणाच्या लगेच पुढे कधीच नको.

वर्षभराची निगा

पावसाळा संपून बंधाऱ्यात बरगे बसवले आणि पंप सुरू झाले, की पहिल्याच पाळीला तीन कामं करा: हौदातला गाळ काढा, धारेवरचं शेवाळ नायलॉनच्या ब्रशनं साफ करा (तारेचा ब्रश नको, धार झिजते), आणि लेव्हल नळीनं शून्य पुन्हा तपासा. काळ्या रानातलं बांधकाम पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात खचतं, हौद एका अंगाला कलतो. मग हौद भरण्याचा जुना ताळा पुन्हा घेऊन बघा. पाच टक्क्यांच्या आत जुळलं तर उत्तम.

एक नॉच नीट चालला की दुसरा पाटाच्या शेवटी बसवा. मग झिरपा कळतो. समजा हौदाजवळ १८ सेंमी आणि सातशे मीटर खाली, मध्ये कुठेही दार उघडं नसताना, १६ सेंमी. म्हणजे १९ लिटरमधले १४ पोचले, पाव हिस्सा वाटेत गेला. आठ तासांच्या पाळीत हे जवळपास एक लाख चाळीस हजार लिटर होतात. अस्तरीकरणाचा किंवा पाइपलाइनचा ठराव मांडण्याआधी हा आकडा सभेत ठेवा. आणि त्याच्याही आधी पाटाच्या कडेनं चालत जाऊन खेकड्यांची आणि उंदरांची बिळं बुजवा, मग दोन्ही नॉच पुन्हा वाचा.